प्राचीन आकाशनिरीक्षकांना काय काय आधी कळत होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुर्बीण आकाशाकडे वळली ती १६०९ च्या सुमारास. त्याआधीची सगळी भाकितं उघड्या डोळ्यांनी, काठीच्या सावलीवरून आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नोंदींवरून केलेली आहेत. या विषयावर दोन टोकांची मतं नेहमी ऐकू येतात. कुणी म्हणतं त्यांना सगळं ठाऊक होतं, कुणी म्हणतं सगळी अंधश्रद्धा होती. दोन्ही मतांमुळे त्या माणसांच्या खऱ्या कामाकडे दुर्लक्ष होतं, म्हणून हे प्रश्न जरा सविस्तर घेतले आहेत.

थोडक्यात सांगा, त्यांना कशाकशाचं भाकीत जमत होतं?

ऋतू केव्हा बदलणार, अमावास्येनंतर कोर कधी दिसणार, शुक्र किती दिवस लोपलेला राहणार, गुरू कधी वक्री होणार, म्हणजे उलट दिशेनं सरकताना दिसणार, चंद्रग्रहण कोणत्या पौर्णिमेला संभवतं, हे सगळं जमत होतं. सूर्यग्रहणाचं अर्धंमुर्धं जमत होतं. धूमकेतू, उल्का आणि अचानक उजळणारे तारे यांचं अजिबात जमत नव्हतं. जे ठरावीक काळानं परत येतं आणि ज्याची नोंद एका माणसाच्या आयुष्यापलीकडे टिकली, तेच त्यांना आधी सांगता आलं.

दिनदर्शिका नसताना ऋतू कसा ओळखायचे?

क्षितिजावरून. रोज एकाच जागी उभं राहून सूर्य कुठून उगवतो ते पाहिलं, तर वर्षभरात तो उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे सरकताना दिसतो. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखे असतात त्या विषुवदिनांच्या आसपास ही सरक रोज जवळपास सूर्यबिंबाएवढी असते. डोंगराची एखादी खाच किंवा एखादा सुळका खूण म्हणून धरला, तर एका दिवसाचाही फरक कळतो.

अडचण येते ती अयनदिनांना. जून आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत सूर्य क्षितिजावर जणू थबकतो आणि कित्येक दिवस फरकच दिसत नाही. मग सर्वांत मोठा किंवा सर्वांत लहान दिवस नेमका कोणता? यावरचा उपाय मला फार सुंदर वाटतो. सूर्य टोकाला पोचण्याच्या काही आठवडे आधी एका खुणेवर कधी उगवला तो दिवस धरायचा, परत फिरताना त्याच खुणेवर कधी आला तो दिवस धरायचा आणि मधले दिवस मोजून निम्मे करायचे. जे थेट दिसत नाही ते हिशेबानं पकडायचं.

पेरूमधल्या चँकियो इथे टेकडीच्या माथ्यावर सुमारे २३०० वर्षांपूर्वी बांधलेले १३ बुरूज ओळीनं उभे आहेत. ठरलेल्या जागेवरून पाहिलं की वर्षभराचे सूर्योदय या ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात, म्हणजे ती क्षितिजावरची दिनदर्शिकाच झाली. आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजची वास्तू इ.स.पू. ३२०० च्या सुमाराची आहे. तिच्या दारावरच्या झरोक्यातून डिसेंबरच्या अयनदिनाच्या आसपास उगवत्या सूर्याचा किरण सुमारे १९ मीटर लांब बोळातून आतल्या दालनापर्यंत पोचतो.

जिथे क्षितिज सपाट असेल तिथे शंकू वापरायचे. जमिनीवर वर्तुळ काढून मध्यभागी उभी काठी रोवायची. सकाळी सावलीचं टोक आत येताना वर्तुळाला जिथे टेकतं आणि दुपारनंतर बाहेर जाताना जिथे टेकतं, ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. रोजच्या मध्यान्हीची सावली मोजत राहिलं की अयनदिन सापडतो.

सूर्यावरून सगळं कळत असताना ताऱ्यांची गरज काय?

ताऱ्यांवरून तारीख जास्त सहज वाचता येते. प्रत्येक तारा वर्षातून काही काळ सूर्याच्या तेजात लोपतो आणि मग एका पहाटे पूर्वेला क्षणभर दिसतो. हा पहिला उदय वर्षानुवर्षं जवळपास त्याच दिवशी होतो.

इजिप्तमध्ये व्याधाचा तारा सुमारे ७० दिवस लोपलेला असे आणि त्याचा उदय नाईलच्या पुराच्या सुरुवातीच्या सुमारास होत असे. इजिप्तचं कामकाजाचं वर्ष नेमकं ३६५ दिवसांचं होतं, त्यामुळे ते दर चार वर्षांनी एक दिवस मागे पडत जाई. तारा मात्र ऋतूला धरून राही. ग्रीसमध्ये इ.स.पू. ७०० च्या सुमारास हेसिअड हा कवी सांगतो की कृत्तिका उगवू लागल्या की कापणी आणि मावळू लागल्या की नांगरणी. त्या चाळीस दिवस दिसत नाहीत, हेही तो नोंदवतो.

नाईलचा पूर इथिओपियाच्या डोंगराळ भागातल्या पावसामुळे येतो. व्याधाचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण भाकितासाठी दोन गोष्टी नेमानं एकाच वेळी घडल्या तरी पुरतं, एकीमुळे दुसरी घडावी लागत नाही.

म्हणजे ताऱ्यांवरून पाऊस सांगणं हा योगायोगच?

बहुतेक ठिकाणी तारे फक्त तारीख सांगत आणि पाऊस त्या तारखेच्या आसपास येई. एक अपवाद मात्र असा आहे की तो वाचून मी कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होते.

पेरू आणि बोलिव्हियातल्या अँडीज पर्वतातले शेतकरी जूनच्या अखेरीस पहाटे कृत्तिका पाहतात. तारे ठळक आणि भरपूर दिसले तर पाऊस वेळेवर येणार. पुसट दिसले तर पाऊस उशिरा आणि कमी, म्हणून बटाट्याची लागवड काही आठवडे पुढे ढकलायची. ही रीत किमान चारशे वर्षं जुनी आहे. २००० साली मानववंशशास्त्र आणि हवामानशास्त्राच्या अभ्यासकांनी मिळून ती तपासली, तेव्हा तिच्यामागचं कारण हाती लागलं. प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापतं, त्याला एल निनो म्हणतात. अशा वर्षी त्या भागावर खूप उंचावर अतिशय विरळ ढग पसरतात. ते डोळ्यांना ढग म्हणून जाणवत नाहीत, पण कृत्तिकांचे मंद तारे त्यांच्याआड जातात. त्याच एल निनोमुळे काही महिन्यांनी त्या भागातला पाऊस घटतो. शेतकऱ्यांना एल निनोचा पत्ता नव्हता, पण त्यांची खूण खरी होती.

चंद्राचा महिना २९ दिवसांचा की ३० चा, हे आधी कसं कळे?

दोन अमावास्यांमधलं सरासरी अंतर साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त असतं, पण प्रत्यक्षात चंद्राचा वेग कमीजास्त होतो. त्यामुळे कोर २९ व्या दिवसानंतर दिसणार की ३० व्या, हा खरोखर अवघड प्रश्न आहे. आजच्या इराकमधल्या बाबिलोनच्या गणितींनी त्यासाठी लांबलचक कोष्टकं तयार केली. त्यांच्या हिशेबातला सरासरी महिना २९ दिवस, १२ तास, ४४ मिनिटं आणि सव्वातीन सेकंदांहून थोडा जास्त येतो. आजच्या मापाशी ताडून पाहिलं तर फरक अर्ध्या सेकंदाहूनही कमी आहे. त्यांच्याकडे सेकंद मोजणारं घड्याळ नव्हतं. शेकडो वर्षांच्या अंतरावरची ग्रहणं घेऊन मधल्या महिन्यांनी भागलं, की मोजण्यातली चूक त्या भागाकारात विरघळून जाते.

चांद्रमास आणि सौरवर्ष यांचा मेळ घालायला १९ वर्षांचं चक्र उपयोगी पडलं. १९ वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ चपखल बसतात, म्हणजे १२ महिन्यांच्या वर्षांवर सात अधिक महिने. अथेन्समध्ये मेटॉननं इ.स.पू. ४३२ मध्ये ते मांडलं आणि बाबिलोनमध्येही ते वापरात होतं. भारतात वेदांग ज्योतिषात पाच वर्षांचं युग आहे, त्यात १८३० दिवस आणि ६२ चांद्रमास धरले आहेत. हे माप ढोबळ आहे. पाच सौरवर्षांचे दिवस १८२६ च भरतात, म्हणजे त्यात अधूनमधून दुरुस्ती करावीच लागणार.

ग्रहणाचं भाकीत नेमकं कसं करत?

आधी ग्रहण दर महिन्याला का होत नाही ते पाहू. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र पृथ्वीच्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. ज्या दोन बिंदूंपाशी कक्षा एकमेकींना छेदतात त्यांना आपण राहू आणि केतू म्हणतो. पौर्णिमा त्यांच्याजवळ घडली तरच चंद्रग्रहण होतं आणि असा काळ साधारण सहा महिन्यांनी येतो.

बाबिलोनचे लेखनिक रोज रात्री आकाश बघून मातीच्या पाट्यांवर टिपणं ठेवत. यातली सर्वांत जुनी उपलब्ध पाटी इ.स.पू. ६५२ ची आहे आणि ही परंपरा जवळपास सहाशे वर्षं चालली. चंद्र कुठे होता, ग्रह कुठे होते, हवा कशी होती, फरात नदीचं पाणी किती चढलं, बार्लीचा, खजुराचा आणि लोकरीचा भाव काय होता, सगळं त्यात आहे. ढग होते तर तसं लिहिलं आहे आणि पाहिलं नाही तर ‘पाहिलं नाही’ असंही लिहिलं आहे. हा प्रामाणिकपणा मला कुठल्याही अचूक आकड्याइतकाच मोलाचा वाटतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं.

या नोंदींतून आकृतिबंध दिसू लागला. ग्रहणाची शक्यता असलेल्या दोन पौर्णिमांमध्ये सहा महिन्यांचं अंतर असतं, क्वचित पाच महिन्यांचं. सहाचं अंतर ३३ वेळा आणि पाचाचं ५ वेळा आलं की एक फेरा पूर्ण होतो. बेरीज २२३ महिने, म्हणजे ६५८५ दिवस आणि वर सुमारे ८ तास, आपल्या भाषेत १८ वर्षं आणि १० ते १२ दिवस. एवढ्या काळात चंद्र पुन्हा त्याच कलेला, राहू-केतूंपासून तितक्याच अंतरावर आणि पृथ्वीपासूनही जवळपास तितक्याच लांब असतो. म्हणून आधीच्या ग्रहणाशी अगदी मिळतंजुळतं ग्रहण होतं. आज या चक्राला सारोस म्हणतात.

ते वरचे आठ तास मात्र महत्त्वाचे आहेत. तेवढ्या वेळात पृथ्वी एक तृतीयांश फिरते, त्यामुळे पुढचं ग्रहण तितकंच पश्चिमेला दिसतं. ११ ऑगस्ट १९९९ चं खग्रास सूर्यग्रहण युरोपपासून भारतापर्यंत दिसलं. त्याच मालिकेतलं पुढचं २१ ऑगस्ट २०१७ ला अमेरिकेत दिसलं आणि त्यापुढचं २ सप्टेंबर २०३५ ला चीन, कोरिया आणि जपानमध्ये दिसेल. तीन फेरे झाले, म्हणजे ५४ वर्षं आणि महिनाभर उलटला, की आठ तासांचा हिशेब पुरा होतो आणि ग्रहण जवळपास त्याच भागात परततं.

ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून १९०१ मध्ये एक गंजलेलं कांस्ययंत्र वर आलं. ते दोन हजार वर्षांहून जुनं आहे. त्यातली ३० दातेरी चाकं शिल्लक आहेत आणि मोठ्या चाकांपैकी एकाला २२३ दाते आहेत. मागच्या बाजूच्या सर्पिल तबकडीवर कोणत्या महिन्यात कोणतं ग्रहण संभवतं आणि किती वाजता, हेही कोरलेलं आहे.

मग सूर्यग्रहणाचं काय? थेल्स या ग्रीक विचारवंतानं तर ते आधी सांगितलं होतं ना?

तशी कथा आहे. लिडिया आणि मीडिया या राज्यांची लढाई चालू असताना भर दिवसा अंधार झाला आणि थेल्सनं ते वर्ष आधीच सांगितलं होतं, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो. ही घटना २८ मे, इ.स.पू. ५८५ च्या ग्रहणाशी जोडली जाते. ग्रहण खरं आहे. भाकितावर मात्र माझा विश्वास बसत नाही.

कारण साधं आहे. चंद्रग्रहण ज्या ज्या ठिकाणी चंद्र वर आला असेल तिथे सगळीकडे दिसतं. खग्रास सूर्यग्रहण जेमतेम शंभर-दोनशे किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात दिसतं. तो पट्टा कुठून जाणार हे सांगायला चंद्राचं अंतर, त्याचा आकार आणि निरीक्षकाची पृथ्वीवरची जागा या तिन्ही गोष्टी हिशेबात घ्याव्या लागतात. त्या काळी ते गणितच नव्हतं. बाबिलोनच्या पंडितांना ‘या अमावास्येला सूर्यग्रहण संभवतं’ एवढंच म्हणता येई आणि पुष्कळदा ते त्यांच्या गावातून दिसतच नसे. तेही त्यांनी नोंदवून ठेवलं आहे.

ग्रहांच्या चालीचा अंदाज कसा घेत?

प्रत्येक ग्रहाचा परत येण्याचा काळ शोधून. शुक्र आठ वर्षांनी जवळपास त्याच तारखांना त्याच जागी येतो, फरक फक्त सव्वादोन दिवसांचा. बुधाला ४६ वर्षं, शनीला ५९, गुरूला ७१ किंवा ८३, मंगळाला ४७ किंवा ७९. बाबिलोनमध्ये येत्या वर्षाची तयारी करताना शुक्रासाठी आठ वर्षांपूर्वीची पाटी काढायची, शनीसाठी ५९ वर्षांपूर्वीची, गुरूसाठी ७१ वर्षांपूर्वीची आणि त्यावरून नव्या वर्षाचे उदय-अस्त उतरवायचे. ज्यानं ५९ वर्षांपूर्वी शनी टिपून ठेवला, तो ती पाटी वापरली जाईपर्यंत बहुधा हयातही नसे.

मध्य अमेरिकेतल्या मायांनी शुक्राचं चक्र ५८४ दिवसांचं धरलं होतं: पहाटे २३६ दिवस, लोप ९०, संध्याकाळी २५०, पुन्हा लोप ८. यातले मधले आकडे प्रत्यक्षाशी नीट जुळत नाहीत, पण एकूण चक्र उत्तम आहे. खरी सरासरी ५८३.९२ दिवसांची. ड्रेस्डेन इथे जतन केलेल्या माया पोथीत अशी ६५ चक्रं मांडली आहेत. तेवढ्या काळात सुमारे पाच दिवसांची चूक साचते आणि ती काढून टाकण्याची सोयही पोथीतच आहे.

कारण माहीत नसताना भाकीत बरोबर कसं येई?

बाबिलोनच्या गणितात ग्रह कशाभोवती फिरतात याचा उल्लेखच नाही. आहेत ते आकडे, त्यांची चढउतार आणि त्यांची बेरीज-वजाबाकी. भाकितासाठी एवढं पुरलं. ग्रीकांनी वर्तुळांची रचना बसवली. ती भौतिकदृष्ट्या चुकीची होती, पण त्यांच्यातल्या टॉलेमीच्या हिशेबांवर चौदाशे वर्षं काम चाललं.

आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये ग्रहणाचा हिशेब सावल्यांच्या भूमितीवर उभा केला. चंद्र सूर्याला झाकतो, पृथ्वीची सावली चंद्राला झाकते. सावलीची लांबी आणि चंद्राच्या जागी असलेला तिचा व्यास काढला की ग्रास किती आणि ग्रहण किती वेळ, हे गणितानं मिळतं. तारे फिरताना दिसतात ते पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून, हेही त्यानं सांगितलं. नावेतून जाणाऱ्याला काठ मागे जाताना दिसतात, हा त्याचाच दाखला. पुढच्या अनेक पंडितांना ते पटलं नाही, पण त्यांचीही ग्रहणं बरोबर येत राहिली.

राजाचं मरण, युद्ध, दुष्काळ हे ग्रहणावरून कळत होतं का?

नाही. पण त्यांना तसं वाटत होतं आणि आकाश इतक्या चिकाटीनं पाहण्यामागे तेही एक मोठं कारण होतं. इ.स.पू. सातव्या शतकात असिरियाचा राजा एसरहद्दोन याच्या दरबारात चंद्रग्रहणाचा अशुभ संकेत राजावर येतोय असं दिसलं, की सिंहासनावर तात्पुरता दुसरा माणूस बसवत. खऱ्या राजाला त्या काळात पत्रांतून ‘शेतकरी’ म्हणून संबोधत. मुदत संपली की त्या बदली राजाला मारून टाकत. संकेत खरा ठरला असं मानायचं आणि राजा वाचायचा.

भीतीची किंमत लष्करांनीही मोजली आहे. २७ ऑगस्ट, इ.स.पू. ४१३ रोजी सिसिलीतल्या सिराक्यूजहून माघार घेण्याच्या तयारीत असलेल्या अथेन्सच्या सैन्यानं चंद्रग्रहण पाहिलं. सेनापती निकिअसनं शकुनाच्या सल्ल्यावरून २७ दिवस थांबायचं ठरवलं. तेवढ्यात शत्रूनं कोंडी केली आणि ते सैन्य संपलं.

धूमकेतूंचं भाकीत कुणालाच जमलं नाही?

नाही. हॅलेचा धूमकेतू चीनमध्ये इ.स.पू. २४० मध्ये आणि बाबिलोनमध्ये इ.स.पू. १६४ मध्ये नोंदला गेला, पण तो एकच धूमकेतू परत येतो हे कुणाच्या लक्षात आलं नाही. हॅले या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं ते १७०५ मध्ये गणितानं दाखवलं आणि धूमकेतू १७५८ च्या अखेरीस दिसला. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी पाहिलेला ‘पाहुणा तारा’ २३ दिवस भर दिवसाही दिसत होता. तो ताऱ्याचा स्फोट होता आणि अशा स्फोटाची तारीख आजही कुणी सांगू शकत नाही.

मायांनी २०१२ मध्ये जगाचा अंत सांगितला होता का?

नाही. दिवस मोजण्याच्या त्यांच्या दीर्घगणनेतलं एक मोठं चक्र २१ डिसेंबर २०१२ च्या सुमारास संपलं, बस्स. पालेंके इथल्या शिलालेखात इ.स. ४७७२ मधल्या एका तारखेचा उल्लेख आहे, म्हणजे त्यांच्या लेखी काळ पुढेही चालूच होता.

तारे जागा बदलतात हे त्यांना ठाऊक होतं का?

हिपार्कस या ग्रीक खगोलशास्त्रज्ञाला इ.स.पू. दुसऱ्या शतकात कळलं. त्याच्या दीडशे वर्षं आधी टिमोकॅरिसनं चित्रा तारा शरद विषुवबिंदूपासून, म्हणजे सप्टेंबरच्या विषुवदिनी सूर्य असतो त्या जागेपासून, ८ अंशांवर मोजला होता. हिपार्कसला तो ६ अंशांवर सापडला. जुना आकडा चुकीचा म्हणून त्यानं फेकून दिला नाही. सगळं तारांगण सरकतंय, शतकाला किमान एक अंश, असा निष्कर्ष त्यानं काढला. खरा वेग ७२ वर्षांना एक अंश आहे.

या जुन्या नोंदींचा आज काही उपयोग?

पृथ्वीच्या फिरण्याचा वेग मोजायला त्यांच्याहून चांगलं साधन नाही. १५ एप्रिल, इ.स.पू. १३६ ला बाबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण झालं. अंधारात शुक्र आणि बुध दिसले, आणि सूर्याच्या तेजात लोपलेले गुरू आणि मंगळही दिसले, असं पाटीवर लिहिलं आहे. पृथ्वी तेव्हापासून एकाच वेगानं फिरत आली असं धरून हिशेब केला, तर त्या ग्रहणाचा पट्टा बाबिलोनपासून जवळपास ४९ अंश पश्चिमेला पडतो. म्हणजे पृथ्वीच्या घड्याळात सव्वातीन तासांचा फरक पडला आहे. दिवस शतकाला साधारण पावणेदोन मिलिसेकंदांनी लांबतोय, हे अशाच नोंदींतून ठरलं.

यातलं काही मला स्वतः पडताळून पाहता येईल का?

शुक्रापासून सुरुवात करा. एप्रिल २०१२ च्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी पश्चिमेला शुक्र कृत्तिकांच्या पुंजक्यात होता. एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तिथेच होता. आठ वर्षांचा हिशेब पुढे न्या आणि एप्रिल २०२८ च्या सुरुवातीला सूर्यास्तानंतर पश्चिमेला पाहा. दुर्बीण लागणार नाही, पण दोन-तीन दिवस आधीपासून पाहायला लागा आणि रोज तारीख घालून जागा टिपून ठेवा. म्हणजे आठ वर्षांचा हिशेब किती जुळतो ते २०३६ मध्ये तुमच्याच टिपणांवरून पाहता येईल.